पत्राच्या पाठीवर

सेंदाई, १४ नोव्हेंबर १९९६

तीर्थरूप अण्णा,

नमस्कार करते आणि थेट मुद्द्यावर येते.

इथल्या युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत मी दिवसाचे चार तास आरुबाइतो, म्हणजे पार्ट-टाइम काम, करते. साडेतीनशे वर्षांपूर्वी अमेरिकेत गेलेल्या एका प्युरिटन पाद्र्याच्या पत्रांची, मायक्रोफिल्मवर बघून, यादी करायची. माणूस कडक, अगदी तुमच्यासारखा. पण मन केवढं! मित्रांनी, शिष्यांनी त्याला झापून लिहिलेलं प्रत्येक पत्र त्याने जपलंय. सगळ्यात कडू पत्राच्या पाठीवर त्याने लिहिलंय, 'याचं बरोबर आहे. उत्तर पाठवायचं धैर्य झालं नाही.'

अण्णा, नोकरी सोडून मी यांच्यामागे जपानला आले, म्हणून तुम्ही रागाने लिहिलेली अकरा पत्रं मी रद्दीत घातली. इथल्या शिस्तीप्रमाणे वर्तमानपत्रांबरोबर दोरीने बांधून, सकाळी आठच्या आत कोपऱ्यावर ठेवली. शेजारच्या सातो-साननी गठ्ठ्याचं कौतुकही केलं.

आणि परवा आईने कळवलं की माझं एकूण एक पत्र तुम्ही फायलीला लावलंय, उद्धट उत्तरांसकट.

हेही लावाल, म्हणून पाठवत नाही. पाठीवर मात्र लिहिलंय, 'अण्णांचं बरोबर होतं. पाठवायचं धैर्य झालं नाही.'

तुमचीच,
सुनेत्रा