गुडघ्याची गोळी आणि चार मांडण्या

चंदनसार, विरार (पूर्व)
१९ ऑगस्ट २००७

ती. वन्संच्या चरणी जयवंतीचा नमस्कार,

पत्र मिळालं. कवळी अखेर बसली हे वाचून बरं वाटलं, आता भाकरी तरी सुखाने खा. (फोनच करणार होते. पण फोनवर तुम्ही मला दोन वाक्यांपुढे जाऊ देत नाही, आणि हे प्रकरण दोन वाक्यांत मावणारं नाही.) इकडे मी खुशाल आहे. तुमच्या भावाला जाऊन वैशाखात दोन वर्षं झाली. दिवस जातात, जायचेच.

तुम्ही शेवटी लिहिलंय की गणपतीला विघ्नेश येईल तो सीडी घेऊनच येईल आणि मामाचा खटारा कॉम्प्युटर पुसून त्यात माणसांसारखं काहीतरी घालून देईल. पोराची माया कळते. पण खटारा आता खटारा राहिलेला नाही. तो मी दुरुस्त केला. मी म्हणजे मीच, सातवी पास. सविस्तर लिहिते, चष्मा लावा.

तुमचे भाऊ कसे होते हे तुम्हाला मी काय सांगायचं? वसईच्या होळी बाजारातल्या भाजीवालीने चुकून जास्त घातलेल्या चार मिरच्या परत द्यायला हा माणूस विरारहून पुन्हा तिथे गेला होता. कॉम्प्युटर घेतला तेव्हा दुकानदार म्हणाला, सगळं फुकट भरून देतो, सगळेच भरतात. हे म्हणाले, चोरीचं घरात नको. मग विंडोजऐवजी मासिकाबरोबर आलेलं लिनक्स घातलं. ते खरोखरच फुकट. स्वतः घ्या, शेजाऱ्याला द्या, कोणी विचारत नाही. (मला वर्षभर विश्वास बसला नव्हता. फुकट आणि शिवाय चोरीचं नाही, असं आमच्याकडे फक्त वारं मिळतं.) त्याबरोबरचं जाडं इंग्रजी पुस्तक मी डिक्शनरी घेऊन वाचत बसते. यांनी पेन्सिलीने रेघा मारून ठेवल्यात, त्यामुळे कुठे लक्ष द्यायचं ते कळतं.

तर यंत्र म्हातारं झालं. बटण दाबावं, कुकर लावावा, दोन शिट्ट्या घ्याव्या, तेव्हा कुठे पडदा उजळायचा. पुस्तकात रेघ मारलेलं सापडलं की यंत्र बदलू नका, मांडणी बदला. मांडणी म्हणजे पडद्यावरचा सगळा थाट, डेस्कटॉप म्हणतात तो. वन्सं, हे स्वयंपाकघरासारखं आहे. डबे तेच, डाळ-तांदूळ तेच. सासूबाईंची मांडणी निराळी, माझी निराळी. लिनक्समध्ये अशा मांडण्या हव्या तितक्या घालता येतात, आणि नवी घातली म्हणून जुनी जात नाही. (हे शेवटचं वाक्य मी तेव्हा वाचलं नव्हतं. त्याखाली रेघ नव्हती.)

यांची मांडणी केडीई नावाची. देखणी, पण लग्नातल्या करवलीसारखी, आवरायलाच वेळ. पर्याय म्हणून आधी ग्नोम घातली. नवं काही घालायचं तर मालकाचा पासवर्ड लागतो. तो यांनी जाण्याआधी मला पाठ करून घेतला होता, पण टाकताना हात थबकला. मालक हे होते. मग टाकला. यंत्राने तीन सीड्या आलटून पालटून मागितल्या: दुसरी घाला, तिसरी घाला, पुन्हा दुसरी. पंगतीत वरपक्षाला उठवून बसवावं तसं चाललं होतं. भारनियमनाचं वेळापत्रक बघून बसले होते, तरी वीस मिनिटं आधीच वीज गेली. परत आल्यावर यंत्र म्हणालं की काम अर्धवट आहे. म्हटलं मला माहीत आहे, मी इथेच होते. पुस्तकातली आज्ञा टाइप करून ते पुरं केलं. ग्नोमची खूण म्हणजे एक पाऊल. एकच, तेही चार बोटांचं. मी म्हटलं, लक्ष्मी लंगडत आली. वेगही तसाच.

मग फ्लक्सबॉक्स. ही सगळ्यांत हलकी म्हणे. असणारच, तिच्यात काही नाहीच! यांचा पारिजातकाचा फोटो नाही, खालची पट्टी नाही, चित्रं नाहीत. राखाडी कोरा पडदा. वन्सं, मी खुर्चीत बसून राहिले. वाटलं, पुसलं सगळं. दोन वर्षं जे धरून ठेवलं ते आपल्याच हाताने घालवलं. तेवढ्यात शेजारच्या हिल्डाबाई माहेरची, भुईगावची केळी घेऊन आल्या. (निवृत्त शिक्षिका, रडणाऱ्याला आधी दटावतात.)

"काय गो, कोण गेलं?"

"यांचा पडदा गेला."

"पडदाच ना? चर्चच्या भिंतीला चुना मारला की असंच दिसतं. आतला देव जागेवर असतो!"

असं म्हणत त्यांनी केळी ठेवायला माउस सरकवला, त्याचं उजवं बटण दाबलं गेलं आणि कोऱ्या पडद्यावर भली मोठी यादी उघडली. सगळं तिथेच होतं, फक्त विचारल्याशिवाय बोलत नव्हतं. हिल्डाबाई आता सगळ्यांना सांगतात की जयवंतीचा कॉम्प्युटर त्यांनी केळ्यांनी दुरुस्त केला.

शेवटी एक्सएफसीई घातली. खूण उंदीर! गणपतीच्या तोंडावर याहून चांगला शकुन कुठला? कुकरची पहिली शिट्टी व्हायच्या आत हजर. मी खूश. पण संध्याकाळचे सहा वाजले आणि काही झालं नाही.

तुम्हाला माहीत नसेल, यांनी केडीईमध्ये एक गजर लावून ठेवलाय. रोज सहाला टुंग वाजतं आणि खिडकी उघडते. इंग्रजी अक्षरांत मराठी: 'जयू, गुडघ्याची गोळी घेतलीस का? पाणी पुरं पी.' उंदराला हे ठाऊक नाही. मग पुस्तक पुन्हा काढलं, ते रेघ नसलेलं वाक्य सापडलं. सुरुवातीला नाव-पासवर्ड विचारतात तिथेच 'सेशन'ची यादी असते, त्यात चारही मांडण्या ओळीने. केडीई निवडली, दोन शिट्ट्या थांबले, आणि सहा वाजून बावीस मिनिटांनी टुंग! उशिरा का होईना, विचारलं.

म्हणून आता दिवसा उंदीर आणि साडेपाचपासून यांची मांडणी. सगळं सुरळीत आहे. घरातल्या लहानांना आशीर्वाद.

तुमची,
जयवंती

ता. क. विघ्नेशला जरूर पाठवा, मोदक करते. सीडी मात्र तेवढी तुमच्याकडेच काढून ठेवा. माझं तो ऐकणार नाही, तुमचं ऐकतो. मामीच्या औषधाची वेळ त्या यंत्रात आहे म्हणावं, तब्येतीचा प्रश्न आहे.

ता. क. २. तुमच्याशी खोटं कशाला बोलू? त्या गोळ्या डॉक्टरांनी बंद करून वर्ष झालं. विघ्नेशला सांगू नका, तो म्हणेल, मग गजर कशाला? त्या खिडकीत दोन बटणं असतात, एक 'बंद करा' आणि एक 'पुढे ढकला'. मी पुढे ढकला दाबते. तासाभराने पुन्हा विचारतात. मग पाणी तेवढं पिते.