डाव्या हाताचं दार

तीर्थस्वरूप मामांस,

साष्टांग नमस्कार. (खुर्चीत बसून लिहितो आहे, तरी घातला असं समजावं.) तुमचा खोकला उतरला का? मामींनी गरम पाण्याची सक्ती केली असेल तर ऐकावं. मी बरा आहे. काल संध्याकाळी नव्हतो, आज आहे, आणि नोकरीही आहे. तुम्ही रंगाच्या दुकानात शब्द टाकून मला चिकटवलंत, तेव्हा हे आधी सांगितलेलं बरं.

झालं असं. मालकांनी मला पहिल्यांदाच एकट्याला काम दिलं. तिसरा मजला, डाव्या हाताचं दार, हिरवा रंग. मी तीनदा विचारून घेतलं. तिसऱ्यांदा मालक म्हणाले, "अरे, डावा हात माहीत आहे ना? जेवत नाहीस तो." आता मालकांचे गुडघे दुखतात, म्हणून ते लिफ्टनं जातात. रंगाचे डबे लिफ्टमध्ये चालत नाहीत, म्हणून मी जिन्यानं गेलो. आणि त्या इमारतीत लिफ्ट नि जिना समोरासमोर तोंड करून आहेत. पुढचं तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्या संध्याकाळपर्यंत आलं नाही. मी मन लावून घासलं, भेगांत लांबी भरली, रंगाचे दोन हात मारले. वाईट याचं वाटतं की ज्यांचं दार खरं रंगवायचं होतं ते शिंपीकाका समोरच राहतात. त्यांनी मला दोनदा चहा आणून दिला आणि "आमचं कधी?" म्हणून विचारलंही. मी म्हटलं, "मालक सांगतील तेव्हा."

संध्याकाळी ज्यांचं ते दार, त्या नर्सबाई ड्युटीवरून आल्या. दार पाहिलं, "सॉरी" म्हणाल्या आणि मजला चुकला असं समजून खाली गेल्या. पुन्हा वर आल्या, किल्ली लावली, ती लागली, तेव्हा मात्र घाबरल्या. "भाऊ, हे माझंच घर का?" मी मालकांना फोन केला.

मालक आले (लिफ्टनं) आणि हात जोडून म्हणाले, "मॅडम, जरा मिस्टेक झाली." मामा, मी शब्दकोशात पाहिलं आहे. मिस्टेक म्हणजे चूक, दुसरा अर्थ दिलेला नाही. पण मालकांचं म्हणणं वेगळं. चूक म्हटलं की गिऱ्हाईक भांडायला उभं राहतं, मिस्टेक म्हटलं की खाली बसतं. नीट ऐकलं तर सगळे तसंच बोलतात. आपली ती मिस्टेक, दुसऱ्याची ती चूक. मिस्टेक जणू पावसासारखी आपोआप होते. चूक मात्र कोणीतरी करावी लागते.

बाई खरंच बसल्या, पायरीवर. मग म्हणाल्या, "राहू द्या. हे दार रंगवायचं म्हटलं की आमच्या घरात तीन वर्षं 'बघू, बघू' चाललंय. मिस्टेकनं का होईना, झालं तर खरं." मला इतकं हलकं वाटलं की मी ब्रश न धुताच घरी आलो. (सकाळी जाऊन धुतला.) शिंपीकाकांचं दार आज झालं. मालक स्वतः जिन्यात उभे होते.

आईला यातलं काही कळवू नये. मामींना नमस्कार.

तुमचा भाचा

ता. क. : मामींनी दुकानात फोन करून घराचं काम दिलं, त्याबद्दल आभारी आहे. सोमवारी मी एकटाच येतो आहे. मामींनी "आतली खोली" एवढंच सांगितलं. पण तुमच्याकडे सगळे मागच्या दारानं येतात. मग आतली म्हणजे कुठल्या दारानं आतली? मामींना मी विचारलं हे कळू देऊ नये.

आणखी एक ता. क. : मालक म्हणाले, "एक झाली ती मिस्टेक. दुसरी झाली की चूक, आणि मग तू मोकळा." म्हणून विनंती. खडूनं भिंतीवर फुली मारून ठेवा असं लिहिणार होतो, पण फुलीचा अर्थ 'ही नको' असाही होतो. तरी सोमवारी सकाळी योग्य त्या खोलीत मधोमध खुर्ची टाकून तुम्ही स्वतः बसावं आणि मामींनी हाक मारली तरी उठू नये. मी तुमच्या भोवतीनं रंगवत जाईन.