तुलनेसाठी ठेवलेलं तळं

१७ ऑक्टोबर

चि. धाकट्यास ताईचे आशीर्वाद.

पत्र मुद्दाम प्रयोगशाळेच्या पत्त्यावर टाकतेय. घरी तुझ्या बायकोनं आधी उघडलं असतं आणि तिचा यात काही दोष नाही. इकडे सगळं ठीक. दुसऱ्या तळ्यावरचा हवेचा पंखा पुन्हा खडखडतोय. दोरांवरचं शेवाळ हातभर वाढलंय आणि कोळंबी त्याखाली गुण्यागोविंदानं नांदतेय. बाबांचा गुडघा तसाच. तळ्यावर येत नाहीत, खिडकीत बसून वर्तमानपत्रातली जुनी कोडी सोडवतात.

तुझी ती चष्मेवाली विद्यार्थिनी मागच्या आठवड्यात पाण्याचे नमुने न्यायला आली होती. गुणी पोरगी. "ताई, अहवाल छापून आला! सरांनी दाखवला असेलच." मी म्हटलं, नाही दाखवला, दे बघू. तिनं हौसेनं दिला. तुझी चाळीस पानं मी दोन दिवस अडलेल्या शब्दांखाली रेघा मारत वाचली.

छान लिहिलंयस, खोटं कशाला बोलू? शेवाळाच्या पातीवर वस्ती करून राहणारे जिवाणू कोळंबीला मारणाऱ्या जिवाणूंना डोकं वर काढू देत नाहीत, हे मलाही समजलं. ती वस्ती नव्या तळ्यात न्यायची तर जुन्या तळ्यातलं पाणी आणि थोडं शेवाळ सोबत घालायचं, याला तू ओळभर लांबीचं नाव दिलंयस. बाबा त्याला विरजण म्हणायचे. वीस बादल्या, स्वतःच्या हातानं. तू काठावर बसून मोजायचास आणि चौदानंतर हमखास घोळ घालायचास.

तीन वर्षांपूर्वी तू म्हणालास, "बाबा, तिसऱ्या तळ्यात विरजण नको, शेवाळही नको. धुऊन, औषध मारून कोरं पाणी भरू. तेच स्वच्छ." बाबांनी उभ्या जन्मात असं तळं भरलं नव्हतं. पण मुलगा शिकलेला. "त्याला आपल्यापेक्षा जास्त कळतं," असं शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगत हिंडले.

सहाव्या आठवड्यात कोळंबी काठाला आली. कवचातून आतडं रिकामं दिसत होतं. चार दिवसांत तळं गेलं. तू धावत आलास, बाटल्या भरल्यास, बाबांच्या पाठीवर हात ठेवून म्हणालास, "होतं असं कधी कधी." त्यांनी विचारलं, "माझ्या जाळ्यामुळे नाही ना रे? दुसऱ्या तळ्यातलं जाळं न वाळवताच इथे टाकलं मी." तू गप्प बसलास. मला वाटलं, म्हाताऱ्याला दुखवायला नको म्हणून.

आता अकरावं पान. 'तळे क्रमांक ३ तुलनेसाठी ठेवले. त्यातील कोळंबी मरणे अपेक्षित होते.' अहवालाला जोडलेल्या प्रयोगाच्या योजनेवरची तारीख तळं भरायच्या दोन महिने आधीची आहे.

अरे, विचारलं असतंस तर त्यांनी हसत हसत तळं दिलं असतं! विचारलं नाहीस. वर तीन वर्षं प्रत्येक फोनवर ते जाळ्याबद्दल माफी मागत राहिले आणि तू "जाऊ द्या बाबा" म्हणत राहिलास. स्वतःच्या करणीबद्दल त्यांना माफ करत होतास. केसानं गळा कापलास रे.

आणि आता माझं. हे तुला कधी कळवलं नाही. तू बाटल्या घेऊन गेलास त्याच संध्याकाळी मी कामगारांदेखत बाबांवर ओरडले. "तुमच्या निष्काळजीपणानं मेली सगळी. पुन्हा तळ्यावर पाऊल टाकू नका!" गुडघा हे निमित्त आहे. तीन वर्षं ते माझ्या शब्दापायी खिडकीत बसलेत. माझ्या तोंडातून ते वदवलंस तू, पण तोंड माझंच होतं.

काल त्यांना अकरावं पान वाचून दाखवलं, पाय धरले. त्यांनी हातातलं कोडं बाजूला ठेवलं. मग म्हणाले, "म्हणजे जाळं ठीक होतं." चपला शोधल्या आणि माझ्याआधी तळ्यावर जाऊन उभे राहिले. मला वाटलं, आता तुला शिव्या घालतील. त्यांनी विचारलं, "त्याला पाहिजे होतं ते सापडलं का?" मी हो म्हटलं.

"सांगितलं असतं तर रोजचे नमुने मीच नीट काढून दिले असते," एवढंच बोलले आणि बादली मागितली.

आज तिसरं तळं भरतोय. बारा बादल्या त्यांनी ओतल्या, उरलेल्या मी. तुझ्या रिकाम्या बाटल्या खोक्यात बांधून ठेवल्यात, त्या पोरीबरोबर परत येतील. फोन करू नकोस. बोलायचं असेल तर इथे येऊन त्यांच्यासमोर उभा राहून बोल.

शेवटच्या पानावर तू आमचे आभार मानलेस, नाव न घालता. सही तशीच करते.

एक सहकारी शेतकरी