पाण्याचा मान

उझित्से,
१२ नोव्हेंबर, मंगळवार

लाडक्या नेवेनास,
बाबाचा आशीर्वाद. तू बरी असशील आणि नोव्ही सादमध्ये इथल्याइतकी थंडी पडली नसेल असं धरून चालतो. इथे डोंगरावर बर्फ दिसायला लागलाय. शेजारच्या स्तानाच्या कोंबड्यांनी अंडी देणं थांबवलंय आणि त्याचा राग ती माझ्यावर काढते. मी रोज सकाळी नदीच्या पुलापर्यंत चालत जातो. आज रक्तातली साखर सात पूर्णांक चार होती. हा आकडा खरा आहे.

फोनवर बोलायचं सोडून पत्र कशाला, असं तुला वाटेल. मार्चपासून तू दर रविवारी फोन करून "किती?" विचारतेस, मी "साडेसहा" म्हणतो आणि तू ठेवतेस. बाप-लेकीचं बोलणं एका आकड्यावर आलं. बरं, तो आकडाही माझ्या मनचा. फोनवर मला खोटं सहज जमतं, कागदावर तेवढं जमत नाही. चाळीस वर्षं गणित शिकवलं, उत्तर आधी लिहून मग रीत जुळवणाऱ्या पोरांचे कान पिळले, आणि म्हातारपणी स्वतः तेच केलं.

तुझ्या आईची पद्धत तुला आठवत असेलच. दारात कुणीही आलं की तबकात मुरंब्याची वाटी, चमचे आणि पाण्याचे पेले. पाहुण्याने एक चमचा मुरंबा खायचा, वर पाणी प्यायचं, मग बोलायला सुरुवात. मला साखर निघाली तेव्हापासून बावीस वर्षं माझ्या पेल्याशेजारी चमचा नसायचा. मी कुरकुरलो की माझी कोसारा सगळ्यांदेखत म्हणायची, "मास्तर, तुझा मान पाण्याचा. घे आणि गप बस." लोक हसायचे. मीही हसायचो.

ती गेल्याच्या चाळीसाव्या दिवशी आपण स्मशानातून परत आलो आणि स्तानाने तेच तबक फिरवलं. गर्दीत तिला आपल्या घरची रीत कुठली आठवणार? माझ्यापुढे चमचा आला आणि मी तो उचलला. तू माझं मनगट धरून हळूच म्हणालीस, "बाबा, ठेव तो." मी काय बोललो ते लिहायला आज तीन कागद फाडले. "आई मरत होती तेव्हा कुठे होतीस? आता माझ्यावर पहारा द्यायला आलीस होय?" सगळं घर ऐकत होतं. दर शनिवारी पाच तास बसने येऊन, आईला न्हाऊ घालून, रविवारी तू परत जायचीस, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. तू तबक धुतलंस, पुसलंस, जागेवर ठेवलंस आणि गेलीस.

मग मी तळघरात गेलो. अकरा बरण्या होत्या, प्रत्येकीवर तिच्या अक्षरात फळाचं नाव आणि साल. तिच्या हातचं आता एवढंच उरलंय आणि ते वाया जाऊ द्यायचं नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली. खरं सांगायचं तर तोंडात गोड असेपर्यंत ती स्वयंपाकघरात आहे असं वाटायचं. ऑगस्टपर्यंत दहा बरण्या संपल्या. तू पाठवलेलं साखर मोजायचं यंत्र खणात पडून होतं आणि इन्सुलिन आठवलं तर घ्यायचो.

ऑगस्टमध्ये मी दोन आठवडे चुलतभावाकडे डोंगरावर होतो, तिथे फोन लागत नाही, असं सांगितलं होतं ना? मी डोंगरावर नव्हतो, इस्पितळात होतो. चपलेत खडा गेला होता, तो बधिर पायाला कळलाच नाही, जखम झाली तीही नाही. स्तानाला वास आला. "मास्तर, तुमचा पाय सडलाय की काय?" म्हणत तिने मोजा ओढला आणि तशीच फोनकडे धावली. डाव्या पायाची करंगळी कापली. आणखी आठवडा गेला असता तर पाऊल गेलं असतं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. साखर सव्वीस होती, हवी त्याच्या चौपट. डोंगरावर निघालोय असं सांगितलं त्या रविवारीही मी इस्पितळातल्या खाटेवरूनच तुला साडेसहा सांगितलं.

आता रोज सकाळी कॉफीच्या आधी बोट टोचतो आणि जो आकडा येईल तो वहीत लिहितो. संध्याकाळी आईचा हातआरसा जमिनीवर ठेवून तळपाय बघतो. ती त्यात तोंड बघायची आणि मी पाय बघतो, त्यावर ती काय बोलली असती हे तुला सांगायला नको. एकदम सुधारलो असंही समजू नकोस. गेल्या महिन्यात स्तानाच्या घरी नातवाच्या बारशाला केकचे दोन तुकडे खाल्ले. चौदा आली. साडेसहा लिहावंसं फार वाटलं, पण चौदाच लिहिली. वहीचं ते पान सोबत पाठवतोय.

अकरावी बरणी अजून आहे. पांढऱ्या चेरीची. तिच्यावर साल नाही, फक्त "नेवेनाला" एवढं लिहिलंय. ऑगस्टमध्ये ती बरणीही मी दोनदा हातात घेतली होती. माझ्या मनाचा मोठेपणा म्हणू नकोस, झाकण घट्ट होतं आणि हातात जोर नव्हता. ते निघालं असतं तर तुझ्या वाटणीचंही मी संपवलं असतं.

फेब्रुवारीच्या नऊ तारखेला वर्षश्राद्ध आहे. मी बोललो ते परत घेता येत नाही, आणि तू माफ करावंस असं मागायचं तोंडही मला नाही. पण ये. या वेळी तबक मी लावणार आहे. बरणी तू उघड, पहिला चमचा तुझा. माझा नुसता पेला असेल. आणि चुकून हात पुढे गेलाच, तर सगळ्यांदेखत माझं मनगट धर.

तुझी वाट पाहणारा,
पाण्याचा मानकरी,
बाबा