भिंगरीला वळण लावायचे दहा दिवस

२१ जून, सोमवार
चपलांच्या दुकानात एक मुलगा जमिनीवर आडवा, पाय झाडतोय. आई शेजारी नुसती उभी, हातात एक बूट. तिला ऐकू जाईल इतपतच पुटपुटले, की हल्ली मुलांना वळण लावायला कुणाला वेळ नाही. बाईने मान खाली घातली. समजलं म्हणजे बरं.

वाचनालयात एकतीस वर्षं काढली. मी डोळे वर केले की हॉल चिडीचूप. (ह्यांचं म्हणणं, वाचक झोपलेले असायचे. ह्यांना माझ्या कामातलं कधीच काही कळलं नाही.)

सूनबाईला ऑफिसने पहिल्या तारखेपासून परत बोलावलंय, चार वर्षांनी. नातीला, भिंगरीला, कोण बघणार म्हणून ती नकार कळवायच्या बेतात होती. मी जाहीर केलं, मी बघेन. मुलगा म्हणाला, आई, साडेतीन वर्षांची आहे ती, पुस्तक नाही. सूनबाई ताट घेऊन उठताना माझ्या खांद्यावर हात ठेवून गेली. आता माघार नाही.

२४ जून, गुरुवार
सराव. बँकेत भिंगरी खुर्चीखाली शिरली ती बाहेर येईना. नजर टाकली. पोचली नाही. खुर्च्या फार ठेंगण्या आहेत.
संकल्प: उद्या सराव घरातच.

२५ जून
दुपारी दोन ते चार उत्तम वागली. झोपली होती.

२७ जून, रविवार
कपड्यांचं दुकान. ट्रायल रूममध्ये आम्ही दोघी. भिंगरीने आतून कडी लावली आणि दाराला पाठ टेकून बसली. हात लावला की किंचाळते. नवा ड्रेस माझ्या डोक्यात अडकलेला, एक हात आत, एक बाहेर. बाहेर रांग. एक आवाज म्हणाला, "आई कोण आहे हिची? घरात काही शिकवतात की नाही?"

गैरसमज राहू नये म्हणून मी आतून मोठ्याने सांगितलं, "मी आजी आहे. आईनेच लाडावून ठेवलीय."

मग सूनबाईचा आवाज: "भिंगरी, आजीला गुदमरतंय, कडी काढ बाळा." ती रांगेतच होती, माझ्यासाठी मोठं माप घेऊन.

घरी येईपर्यंत ती अवाक्षर बोलली नाही. मीही तिला शांतपणे विचार करू दिला.

२८ जून
सूनबाई ऑफिसला नकार कळवणार आहे. मुलगा माझ्याकडे न बघता हे म्हणाला. ह्यांनी विचारलं, आता काय करणार? मी सूनबाईच्या खोलीत गेले. माफी मागायला नव्हे, चहा द्यायला. चहा दिल्यावर म्हटलं, "मी ते बोलायला नको होतं. तू जा कामावर."

ती म्हणाली, "आई, बाहेर कोणी ना कोणी मला रोज तसं बोलतं. घरचं माणूस बोलेल असं वाटलं नव्हतं."

यावर माझ्याकडे उत्तर होतं. आठवलं की लिहीन.

२९ जून
नाही आठवलं. नकार अजून कळवलेला नाही.

१ जुलै, गुरुवार
सूनबाई गेली. जाताना म्हणाली, भिंगरी आडवी झालीच तर तिच्या उंचीला येऊन बोला.

दुपारी सुपरमार्केट. साबणांच्या रांगेत भिंगरी आडवी, निळ्या झाकणाच्या बाटलीसाठी. उंचीला आले, म्हणजे फरशीवर बसले. ती इतकी चकित झाली की रडायची थांबली. पद्धत बरी आहे. फक्त नंतर उठता येईना. ट्रॉली धरून उठावं तर ट्रॉली पळते. एक बाई आपल्या मुलाला सांगत गेली, "बघ, त्या आजी कशा हट्ट करून बसल्यात. तू असं करतोस का?"

तेवढ्यात फोन. सूनबाई, दबक्या आवाजात. "आई, सगळं ठीक ना? नाहीतर मी निघते."

भिंगरी माझ्या मांडीत येऊन बसली होती. म्हटलं, "मुळीच निघू नकोस. आम्ही दोघी छान बसलोय."

यात खोटं एक अक्षर नव्हतं.