हिरव्या गाडीचे अर्थिंग

मी, मांडलेंकोसी मबासो, वय अडुसष्ट, धंदा गाड्यांना साउंड बसवण्याचा, राहणार उमलाझी, व्ही सेक्शन, डर्बन, लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे. डावा कान जन्मभराच्या बासने गेला, उजवा शाबूत आहे. माझ्यावर कोणाची जबरदस्ती नाही. यापूर्वी लग्नाकार्यात बिअरच्या भरात मी ज्याला जे देऊन टाकले, ते सर्व या लेखाने रद्द समजावे.

एक. घर माझी मुलगी झिबुयिले हिचे. स्वयंपाकघराच्या हिरव्या भिंती तिला आवडत नाहीत हे मला ठाऊक आहे. तिच्या आईला, मासोखेलाला, हिरव्याशिवाय दुसरा रंग दिसत नसे. घर ताब्यात आल्यावर झिबुयिलेने भिंती हव्या त्या रंगाने रंगवाव्यात. मी नसेन, त्यामुळे भांडण होणार नाही.

दोन. बँकेत जे असेल त्यातून माझ्या दफनाच्या वेळी कापायचा बैल घ्यावा. बैल हाडकुळा नसावा, आमच्या मूळ गावचे, म्सिंगाचे लोक वर्षभर बोलतात. उरलेले झिबुयिलेचे.

तीन. वर्कशॉप, मीटर, पकडी, कानशी आणि तांब्याच्या तारेची भेंडोळी माझा भागीदार फाकामानी याला. अट एवढीच, की काम माझ्या पद्धतीने व्हावे. तार अस्सल तांब्याची, वरून मुलामा दिलेली नव्हे. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरात. पत्र्यातून तार जाते तिथे रबर. आणि अर्थिंगच्या जागी रंग खरवडून पत्रा चकचकीत दिसेपर्यंत बोल्ट लावायचा नाही. पॉवरच्या तारेवर सगळे जीव टाकतात, अर्थिंगला कोणी विचारत नाही. मग इंजिन चालू केले की स्पीकरमधून कुई निघते आणि टॅक्सीवाले आमच्या आईचा उद्धार करतात.

चार. समोरच्या गॅरेजचा सेल्वन नायकर याला एक नवा फ्यूज, कारण तो गिऱ्हाइकांच्या गाड्यांत कधी बसवत नाही. त्याने जळवलेल्या गाड्या मी दुरुस्त केल्या, आणि हा मात्र चौकात सांगत फिरतो, "मबासोनं स्वतःच्या गाडीत डास पाळलाय!" पण मासोखेला गेली तेव्हा चॅट्सवर्थहून पातेलेभर बिर्याणी याच माणसाने आणली आणि आमच्या दारात बसून रडला. सबब फ्यूज चांगल्या प्रतीचा द्यावा.

पाच. आता डासाविषयी, म्हणजे हिरव्या गाडीविषयी. ही व्हॅन मासोखेलाने स्वतः रंगवून घेतली. त्याच आठवड्यात मी तिच्यात साउंड बसवला. मी पॉवरची तार ओढत होतो, ती मागे अर्थिंग लावत होती.

"रंग खरवडलास का?" मी विचारले.

"खरवडू? कालच वाळलाय! झिबुयिलेचे बाबा, तुमचे हात धजतात तरी कसे?"

"कुई येईल ना."

"येऊ दे. बोल्ट घट्ट बसवलाय मी."

कुई आलीच. इंजिन जोर घेईल तसा तिचा सूर चढायचा, उतारावर खाली यायचा. मी पाना घेऊन निघालो तर ही दार अडवून उभी.

"गाडी गुणगुणतेय. गुणगुणू दे."

"लोक हसतील मला."

"हसू देत. त्यांच्या गाड्या मुक्या आहेत."

पुढे ती त्या सुरात सूर मिसळून गायची, चढावर तर हमखास. मला चिडवायला गाते असे मला वाटे. आता ते चिडवणे मिळावे म्हणून मी काय वाटेल ते देईन.

सहा. ती डर्बनच्या हॉस्पिटलात वारली. गेलेल्या माणसाचा आत्मा आमच्यात रानबोरीच्या फांदीवरून घरी नेतात. तिला म्सिंगाच्या घरी न्यायला मी तशी काटेरी फांदी घेऊन त्या खाटेपाशी गेलो, तिचे नाव घेतले आणि म्हणालो, "चल, घरी जाऊ." हिरवी गाडी फाकामानी चालवत होता. मी तिच्या सीटवर, फांदी मांडीवर. रिवाजाप्रमाणे मी तिच्याखेरीज कोणाशी बोलत नव्हतो. गाणी नकोत म्हणून फाकामानीने आवाज तळाला नेला, पण सेट बंद करायला विसरला.

ग्रेटाऊनच्या पुढे पोलिसाने अडवले आणि मला काहीबाही विचारले. फाकामानी म्हणाला, "साहेब, बाबा बोलणार नाहीत. आई सोबत आहेत." पोलिसाने फांदी पाहिली, टोपी काढली. "माफ करा, आई. जा तुम्ही."

थुकेलाचा पूल आला तेव्हा मी तिला सांगितले, "मासोखेला, नदी ओलांडतोय. मागे राहू नकोस." पुलानंतर चढ लागला, फाकामानीने जोर दिला आणि स्पीकरमधून तो सूर वर वर चढत गेला. फाकामानीला कुई ऐकू आली. मला मासोखेला ऐकू आली. मी घरापर्यंत रडत गेलो.

त्यानंतर रोज संध्याकाळी मी गाडीत बसून इंजिन चालू करतो. मला तिची फार आठवण येते. हे कायद्याच्या कागदात लिहायचे नसते, पण कागद माझा आहे.

सात. फाकामानी एकदा कानस घेऊन आला होता. "बाबा, पाच मिनिटांचं काम आहे, दुकानाची इज्जत जाते हो." झिबुयिले म्हणते, "विकून टाका ते खटारं." दोघांना बजावतो: मी गेल्यावर गाडी विकू नये, त्या बोल्टला हात लावू नये. मला न्यायला हीच गाडी यावी. फाकामानीने चालवावी. झिबुयिलेने आईच्या सीटवर बसून फांदी धरावी. मुलीने धरू नये असे वडीलधारे म्हणतील, त्यांना हे कलम वाचून दाखवावे. सेट चालू, आवाज तळाला. नदी आली की मला सांगावे. पुढचा रस्ता, झिबुयिले, तुझी आई सांगेल.

आठ. मला तिच्या शेजारी ठेवून झाले की, फाकामानी, कानस घे. रंग खरवड, पत्रा चकचकीत कर, बोल्ट घट्ट आवळ. मग गाडी गप्प झाली तरी चालेल. गाडी झिबुयिलेची.

साक्षीदार, दोघेही मागच्या सीटवर हजर:
१. सिबोंगिले न्डवांडवे, शेजारीण
२. सेल्वन नायकर (साक्षीदाराला वाटा घेता येत नाही असे कळल्यावर कलम चारचा फ्यूज त्याने सहीआधीच मागून घेतला)

सही: मां. मबासो
तारीख: १४ मे २०१९
स्थळ: उमलाझी, हिरव्या गाडीत, इंजिन चालू ठेवून