ही एकच व्यक्ती आहे का?

सोमवार, ४ जून

नवं गाव, नवं काम, नवी वही! आल्या आल्या काम मिळालं म्हणजे नशीबच म्हणायचं. बंगल्यातल्या काकूंना त्यांच्या यजमानांनी काढलेले फोटो नीट लावून हवेत. यजमान गेले, पण हौस केवढी होती बाई! बिस्किटांच्या डब्यांत हार्ड डिस्क, चपलांच्या खोक्यात पेनड्राइव्ह, आणि एकच फोटो चार-चार ठिकाणी. मी कपाळाला हात लावला. काकू हसल्या, म्हणाल्या, सावकाश कर, मला कुठे जायचंय.

वरच्या मजल्यावर खिडकीशी टेबल आहे. पंखा करकरतो, पण वारा छान येतो. शाळा सुटली की चिमणीलाही इथेच आण, असं काकूंनी आपणहून सांगितलं. सात वर्षांचं माझं शेपूट, त्याला घरी एकटं कुठे ठेवणार होते? तिचे बाबा कधीच वेगळे झाले. आम्हाला आम्ही दोघीच. माझा जीव भांड्यात पडला.

बुधवार, ६ जून

सगळे फोटो एका जागी आणले. सॉफ्टवेअरने ते तारखेप्रमाणे लावले, दुहेरी फोटो बाजूला काढले. आता चेहरे. ते आपलं आपण सारखे चेहरे एका गटात टाकतं, आणि शंका आली की दोन फोटो शेजारी ठेवून विचारतं, ही एकच व्यक्ती आहे का? खाली ‘हो’ आणि ‘नाही’. मग गटाला आपण नाव द्यायचं. एक टकलू मामा आणि भिंतीवरचा दिवा त्याने एकाच गटात टाकले! काकूंना दाखवलं, तर दोघी पोट धरधरून हसलो.

सगळ्यात मोठा गट काकूंच्या लेकीचा, छकुलीचा. ती चिमणीच्याच वयाची असताना तापाने गेली. शेवटच्या फोटोत पुढचा हलणारा दात बोटाने दाखवतेय. काकू म्हणाल्या, तो पडलेला काही मला बघायला मिळाला नाही. मला रडूच आलं.

खाली चिमणी लाडू खात होती. तिचा तो दात गेल्याच महिन्यात पडला.

शुक्रवार, ८ जून

आज एक वेंधळेपणा केला. फोनची बॅटरी संपत आली होती. काकूंनी लगबगीने वायर आणून फोन कॉम्प्युटरलाच जोडून दिला. सॉफ्टवेअरने माझे फोटोही आत ओढून घेतले असणार, माझं लक्षच नव्हतं. मी आपली हो, हो, हो करत सुटलेले. हे काम करताना तसंच होतं, शंभर झाले की डोळे बघतात एक आणि बोट दाबतं भलतंच. डावीकडे छकुली होती. उजवीकडे माझी चिमणी. आणि ‘हो’ दाबून झालेलं.

काकू मागेच उभ्या होत्या. मी जीभ चावली. त्या म्हणाल्या, असू दे गं, निस्तरू सावकाश. निघताना त्यांनी चिमणीला एक निळा फ्रॉक दिला. तिला तो अगदी अंगाबरोबर बसला.

सोमवार, ११ जून

गट वेगळे करायला बसले. छकुलीच्या गटात आज एक फोटो जास्त आहे. याच घरातला जिना, निळा फ्रॉक, काकू तरुण, आणि मांडीवरची पोर हसतेय. पुढचा दात पडलेला. तारीख जुनी, काका असतानाची.

हनुवटीवरचा तीळ चिमणीचा आहे. आईला कळत नाही का?

फोन उघडला. तिच्या वाढदिवसाच्या फोटोत मी आहे, केक आहे. माझा हात कुणाच्या तरी खांद्यावर असल्यासारखा हवेत आहे. खांदा नाही.

मंगळवार, १२ जून

चिमणीने सकाळी विचारलं, जिन्याखालचा लाकडी घोडा कुठे गेला? त्या घोड्याबद्दल तिला कुणी सांगितलं? तो फक्त जुन्या फोटोंत आहे.

मग तिने मला मावशी म्हणून हाक मारली. मला वाटलं चेष्टा करतेय. ओरडले. तर ती घाबरून मागे सरकली, परक्या बाईपासून सरकावं तशी.

भीती वाटतेय. फार भीती वाटतेय.

बुधवार, १३ जून

आज गेले नाही. दार लावून घेतलं, तिला कुशीत घेऊन बसले. ती दिवसभर एकच म्हणत राहिली, मला घरी सोड, आई वाट बघत असेल.

शाळेतल्या बाईंना फोन केला, येणार नाही म्हणून कळवायला. त्यांनी मला ओळखलं. मग विचारलं, तुमचं मूल कुठल्या वर्गात आहे हो?

गुरुवार

उठले तर अंथरुणात नाही. दार उघडं —

बंगल्यात होती. काकूंच्या मांडीवर, वेणी घालून घेत. काकू रडत होत्या. पाया पडते म्हणाल्या. एकदाच हिला मोठी होताना बघू दे, एवढंच म्हणाल्या. मी हात ओढला तर पोर किंचाळली. आई, आई — माझ्याकडे नाही, त्यांच्याकडे बघून.

वर आले. कडी लावली. गट वेगळा करायचा. करता येतो. ‘नाही’ दाबलं.

विचारतंय, मग ही कोण? नाव लिहा.

चिमणी लिहिलं. नाही घेत. पूर्ण नाव मागतंय.

पूर्ण नाव —

मीच ठेवलेलं. बाराशे नावांतून निवडलेलं. वही पहिल्या पानापासून चाळली. सगळीकडे चिमणी, चिमणी. लाडाचंच नाव. खरं लिहिलंच नाही कुठे, आपल्याच लेकीचं नाव कोण लिहून ठेवतं —

खाली काकू तिला हाक मारतायत. छकुले. ती ओ देतेय.

थांब गं. थांब, बाळा. आठवतंय. आईला आठवतंय. तुझं नाव —

तुझं